दोन काड्यांचा बल्ब

"याला आटे नाहीत, वहिनी. दोन काड्या आहेत." जळका बल्ब चिमटीत धरून मी म्हटलं. "असला बल्ब फक्त या टॉर्चची कंपनीच करायची. आणि ती कंपनीच बुडाली."

सिऊलान वहिनी काउंटरला चिकटून उभ्या होत्या. बाहेर ईशान्येचा वारा माझ्या दुकानाचे पत्रे खडखडवत होता. "टॉर्चच्या बुडाशी एक जादा बल्ब असतो ना?"

"हा तोच. काल गेला तो."

त्यांचा चेहरा उतरला आणि मला त्यांच्या नवऱ्याचा, बिंगसानचा, जुना राग आला. काऊशुंग बंदरातून बायकोसाठी हा टॉर्च मिरवत आणला, तेव्हाच मी बजावलं होतं, बाबा, आट्यांचा साधा बल्ब लागेल असा घे, कुठेही मिळतो. तर म्हणे, "तुझा टॉर्च नुसतं शिंकलं तरी विझतो." तेही काही खोटं नव्हतं. हा टॉर्च छतावरून पडला, वादळात भिजला, पण कधी रुसला नाही. त्याची बोट धक्क्याला लागली की वहिनी छतावरून त्याची उघडझाप करायच्या. म्हणजे, रताळ्याची पेज तयार आहे, या.

आता बिंगसान सगळं विसरलाय. बोट विकली, मुलगा तैपेईला गेला, यातलं काही आठवत नाही. संध्याकाळी मात्र धक्क्याजवळच्या बंधाऱ्यावर जाऊन बसतो, आणि तो पिवळा उजेड दिसला की मुकाट घरी येतो. काल उजेड नव्हता, तर त्याला उचलून आणावं लागलं. लहान मुलासारखा रडत होता म्हणे.

मी दुकानातला चांगल्यातला चांगला टॉर्च काढला. पांढराफटक उजेड. आल्याच्या गोळ्यांचा पिवळा कागद काचेवर ताणून वरून रबर चढवलं.

"आता?"

"तसाच दिसतोय, भावजी," वहिनी म्हणाल्या, आणि जरा हसल्याही.

दिवेलागणीला त्या छतावर गेल्या. मी बंधाऱ्यावर बिंगसानशेजारी जाऊन बसलो. उजेड उघडझाप करू लागला.

"ते बघ, बोलावणं आलं."

त्याने डोळे बारीक केले. "कुणाची तरी बायको बोलावतेय. नशीबवान आहे लेकाचा." मग मला कोपराने ढोसलं. "तुझी तर नाही? असेल तर जा की! माझी बोलावेल अजून."

छतावरचा उजेड बराच वेळ हलला, मग थांबला. थोड्या वेळाने वहिनी स्वतःच आल्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, एका हातात नवा टॉर्च, दुसऱ्या हातात तो जुना. बिंगसानने नव्याकडे पाहिलंही नाही. जुना हातात घेतला, त्याच्या चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एकदम उठला.

"घरी वाट बघत असतील तुमची," तो वहिनींना म्हणाला. "चला, सोडतो. इथले दगड निसरडे आहेत."

जन्मभर 'अगं' म्हणणारा माणूस बायकोला अहो-जाहो करत होता.

त्याने बटण दाबलं आणि तो विझलेला टॉर्च पुढे धरून ऐटीत चालू लागला. वहिनींनी आपल्या हातातला नवा टॉर्च मालवला आणि अंधारात त्याच्या मागून निघाल्या.

"दिसतंय ना नीट?" त्याने मागे न बघता विचारलं.

"हो," वहिनी म्हणाल्या. "दिसतंय."