शुद्ध आवाजाचं बटण

"अल्ला! अल्ला!"

लमलूमकाकांनी डोळे मिटून दाद दिली आणि पाठोपाठ अख्खं कॉफीहाऊस ओरडलं. आमच्या तांता शहरात ही रीतच आहे. जुनं गाणं रंगलं की ओळ संपताच दाद द्यायची, आणि पहिली दाद म्हाताऱ्या लमलूम शिंप्यांची. ते ओरडले की आपणही ओरडायचं, नाहीतर लोक दगड म्हणतात. मी दातांचा डॉक्टर. उघडी तोंडं बघणं हाच माझा धंदा, पण एवढी तोंडं एकदम आ वासलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

चमत्कार शिहाब नावाच्या एका गुळगुळीत गृहस्थाचा होता. त्याच्या फोनवर 'सफा' नावाची गाण्यांची सेवा होती. तिच्यात दोन बटणं, साधा आवाज आणि शुद्ध आवाज.

"साध्यात गाण्याचा नुसता सांगाडा असतो, मंडळी! शुद्धमध्ये आत्मा परत येतो," शिहाब म्हणाला. "परवा एकाला तर गायिकेच्या अत्तराचा वास आला!"

"मला आत्ताच येतोय," लमलूमकाका म्हणाले.

मला हसू फुटलं. पण कॉफीहाऊसचे मालक, हजला जाऊन आलेले हाज बदवी, हसत नव्हते. त्यांची बायको राविया लग्नांतून गायची. ती गेली, आणि मागे उरल्या पत्र्याच्या पेटीतल्या खरखरणाऱ्या कॅसेटी. दुसरी प्रत कुठेच नाही. शिहाब म्हणत होता, त्या मला देऊन टाका, सेवेच्या मालकीच्या होतील. बदल्यात तिचं शुद्ध गाणं तुम्हाला कायम फुकट.

"तिचा श्वाससुद्धा ऐकू येईल, हाज!"

हाजनी पेटी टेबलावर आणून ठेवली होती. त्यांना थांबवावंसं वाटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून बोलायचं धाडस होईना.

तेवढ्यात त्यांची मुलगी इन्शिराह शाळेतून आली. ती विज्ञान शिकवते. पेटी बघून आणि हाजनी सांगितलेला सौदा ऐकून तिच्या कपाळावर आठी चढली.

"बाबा, जरा थांबा. मलाही ऐकू द्या की हा आत्मा! फोन इकडे द्या. सगळ्यांनी डोळे मिटा, शुद्ध वाटलं की चमचा वर करा."

"ताई, हे श्रद्धेनं ऐकायचं असतं," शिहाब म्हणाला.

"कान आहेत ना? मग श्रद्धा कशाला?"

सगळे बघत होते, त्यामुळे त्याला फोन द्यावाच लागला.

मी मात्र एक डोळा किलकिला ठेवला. तिनं 'साधा'वरच तीच ओळ दोनदा वाजवली. कुणाचा चमचा पहिल्यांदा वर, कुणाचा दुसऱ्यांदा. लमलूमकाकांचा दोन्ही वेळा! मग तिनं 'शुद्ध' दाबलं, पण आवाज बारीकसा उतरवला. एकही चमचा हलला नाही. शेवटी पुन्हा 'साधा', आवाज मात्र किंचित चढवून. सगळे चमचे वर! "अल्ला!"

"उघडा डोळे," ती म्हणाली. पडद्यावर 'साधा' असं ठळक दिसत होतं.

"हे शुद्धचं बटण आवाज थोडासा मोठा करतं, बास! इतका थोडा की मोठा झालाय हे कळत नाही, भरदार झालाय असं वाटतं. वर पडद्यावर 'शुद्ध' लिहिलेलं, आणि काकांची दाद. मग काय, सगळ्यांनाच आत्मा दिसला!"

"म्हणजे माझा कान खोटा?" लमलूमकाका रडवेले झाले.

"नाही हो काका. गाणं सुंदरच आहे, दाद त्याला द्या. बटणाला कशाला?"

शिहाबला अचानक कुठलंसं काम आठवलं. फोन उचलून तो गेला, चहाही तसाच टाकून.

कॉफीहाऊसभर हशा पिकला. हाज मात्र पेटीकडे बघत बसले होते.

"मग तिचा श्वास?" त्यांनी हळूच विचारलं.

इन्शिराह त्यांच्याशेजारी बसली. "टेपवर असेल तर आहे, बाबा. नसेल तर कुणीही आणू शकत नाही. आपण घरीच प्रत काढू, खरखर थोडी कमीही होईल. पण आईची कॅसेट कुणाच्या हाती द्यायची नाही."

मंडळी, चांगलं आणि वाईट ध्वनिमुद्रण असतं, नाही कोण म्हणतो? पण पारख करायची तर आवाज सारखा ठेवा, नाव झाका आणि शेजाऱ्याच्या आधी स्वतःच्या कानाला विचारा. विकणारा एवढंही करू देत नसेल, तर उठून घरी जा.

हाजनी एक कॅसेट लावली. खरखर होतीच. राविया गाऊ लागली आणि दुसऱ्या ओळीआधी तिनं दम घेतला, अगदी स्पष्ट.

"अगं, हा इथेच होता की," हाज म्हणाले.