चोवीस सळया

पुंडलिक मिस्तरी स्टुलावर चढला आणि त्यानं उजव्या हाताचा तळवा छताला लावला. पाच मोजायच्या आत त्यानं तो काढून घेतला.

"लई तापलाय का?" खाटेवरून आवडाबाईनं विचारलं.

"नाय एवढा," तो म्हणाला आणि तळवा गुपचूप धोतराला पुसला. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाचा हात तो! त्याला चटका बसला म्हणजे छत केवढं तापलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

दुपारचे चार वाजले होते, आणि खरं ऊन घरात अजून यायचंच होतं. लोकांना वाटतं, घर भर दुपारी तापतं. तापतं, पण ते पत्र्याचं. पत्रा जसा झटकन तापतो तसा दिवस मावळला की झटकन निवतोही. काँक्रीटचं तसं नसतं. ते दिवसभराचं ऊन सावकाश पोटात घेतं आणि दिवस कलला की खाली सोडायला लागतं. स्लॅब जितका जाड तितका उशिरा तापतो आणि तितकाच उशिरा निवतो. पुंडलिकला हे शिकवायला कुणी इंजिनिअर नको होता. वाळूजकडच्या त्या वस्तीतले निम्मे स्लॅब त्याच्याच हातचे होते.

आवडाबाईला कालच घाटीच्या सरकारी दवाखान्यातून घरी आणलं होतं. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी कणीक मळता मळता ती कोसळली होती. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, आणि तोंडानं भलतीसलती बडबड. सोडताना डॉक्टरीणबाईंनी पुंडलिकला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, या वेळी वाचल्या. पुन्हा असं झालं तर वाचतील असं मी सांगू शकत नाही. थंड जागेत ठेवा त्यांना."

थंड जागेत! मे महिना, पारा त्रेचाळीसवर, आणि लाइट सकाळपासून गायब. पुंडलिकनं मान डोलावली होती, दुसरं काय करणार?

"सत्यमचा फोन आला व्हता का?" आवडाबाईनं लेकाची चौकशी केली.

"कामात असंल तो."

"मजल्याचं काढा एकदा त्याच्यापाशी. वर मजला चढला की खालचं घर गार ऱ्हातंय, तुम्हीच म्हणता ना?"

पुंडलिकनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि तो स्टूल उचलून बाहेर गेला.

हे घर त्यानं अकरा वर्षांपूर्वी बांधलं होतं. त्याआधी आवडाबाईनं एकोणीस उन्हाळे पत्र्याखाली काढले होते, म्हणून तिच्या घराला त्यानं काही कमी पडू दिलं नव्हतं. दुनियेचा स्लॅब साडेचार इंची, ह्याचा सहा इंची. "मिस्तरीचं घर हाय, कळलं पायजे लोकांना!" असं म्हणून त्यानं स्लॅबच्या दिवशी गल्लीभर जिलेबी वाटली होती. सगळं केलं, एक कोबा तेवढा केला नाही. स्लॅबवर विटांचे तुकडे अंथरायचे, चुना-सिमेंटात पक्के बसवायचे आणि वरून पांढऱ्या फरशीचे तुकडे जडवायचे. मग ऊन वरच्या वर अडतं. प्रत्येक घरमालकाला तो बजावायचा, "कोबा करा, नायतर भाजून निघाल." स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा मात्र म्हणाला, "दोन वर्षांत सत्यमचा मजला चढायचाच हाय. आज कोबा घालायचा अन् उद्या फोडायचा, कुणी सांगितलाय शहाणपणा?"

म्हणून स्लॅब उघडा राहिला. वरच्या मजल्यासाठी सहा खांबांच्या चार-चार सळया, एकूण चोवीस, कमरेएवढ्या वर सोडलेल्या होत्या. आवडाबाई दर दसऱ्याला शिडी चढून त्या चोवीसही सळयांना झेंडूची फुलं बांधायची. सुरुवातीला पुंडलिक त्यांना गंज लागू नये म्हणून वर्षाला सिमेंटचं पाणी फासायचा. पुढं गुडघे धरले आणि ते राहून गेलं. आणि गेल्या पाडव्याला पुण्याहून सत्यमचा फोन आला.

"आबा, इकडंच फ्लॅट घेतलाय. आता तिकडं बांधकाम काय व्हायचं नाय. मायला तुम्हीच सांगा, मला नाय जमणार."

तिला सांगायचं ह्यालाही जमलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन महिने गेले होते.

दाराबाहेरच्या कोपऱ्यातली माती कालवून पुंडलिकनं पाट्या भरल्या. ते बघून आवडाबाई उठून बसली.

"काय करताय?"

"वर आळी करतो. पाणी भरून ठेवलं की स्लॅब निवंल."

"नळ परवा यायचाय! टाकीतलं पाणी वर ओतलं तर प्यायचं काय?"

"प्यायला हंडा हाय," तो म्हणाला आणि शिडी चढला.

नवा स्लॅब बाळंतिणीसारखा जपावा लागतो. मातीचे बांध घालून, आळी करून त्यात तीन आठवडे पाणी उभं ठेवतात. त्यानं जन्मभर लोकांच्या स्लॅबवर हे केलं होतं. अकरा वर्षांच्या जुन्या स्लॅबवर आळी करणारा मिस्तरी मात्र त्या वस्तीत पहिलाच असावा. पायात चपला असून तळवे पोळत होते. गुडघे बोंबलत होते. आठव्या दिवशी नळाला येणारं पाणी बादली बादली करून त्यानं वर ओतलं. पहिल्या बादलीला तापल्या सिमेंटचा उग्र वास आला. पाचव्या बादलीला पाणी आळ्यात थांबलं.

तासाभरानं खालून हाक आली, "अहो, गार वाटायलंय!"

काय बरं वाटलं त्याला! कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. तो खाली आला, छताला हात लावून बघितला आणि स्टुलावरून उतरतोय तोच कोपऱ्यात टप् आवाज झाला. मग पुन्हा टप्. बघता बघता खांबाच्या अंगानं पाण्याची धार निघाली आणि सरळ लाइटच्या बोर्डाकडं उतरायला लागली.

पुंडलिकला कारण लगेच कळलं. सळया गंजून फुगल्या होत्या आणि त्यांनी बुडाचं काँक्रीट फोडलं होतं. सळया उभ्या असेपर्यंत पाणी त्यांच्याच वाटेनं घरात येणार. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्यानं मालकाला शिव्या घातल्या असत्या. इथं मालकही तोच आणि मिस्तरीही तोच. त्यानं मेन स्विच पाडला, वर जाऊन आळ्यांचे बांध लाथेनं फोडले आणि सगळं पाणी गटारात जाताना बघत उभा राहिला.

सहा वाजले आणि स्लॅब बोलायला लागला. वारं नाही, पंखा नाही, वरून नुसती धग. अर्ध्या तासात आवडाबाईचं अंग पुन्हा कोरडं पडलं.

"सत्यमला उठवा," ती म्हणाली. "शाळंची गाडी चुकंल."

मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती.

"कडुबा! कडुबा, पळ!" त्यानं दारातून आरोळी ठोकली.

शेजारचा कडुबा कंपनीतून नुकताच आला होता. तो डबा तसाच टाकून धावला. दोघांनी तिला खाटेसकट उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुलिंबाखाली आणून ठेवलं. ओली चादर गुंडाळली, काखेत ओली फडकी ठेवली, कडुबानं पुठ्ठ्यानं वारा घातला. कडुबा म्हणाला, "रिक्षा आणू का, मिस्तरी?" पुंडलिक तिच्या कपाळावर हात ठेवून देवाचं नाव घेत होता. दहा मिनिटं गेली. मग कपाळाला ओल लागली, घामाची. तिनं डोळे उघडले.

"म्या कुठं हाय?"

"लिंबाखाली."

तिनं इकडंतिकडं बघितलं. सुटलेल्या पाळीचे कामगार सायकली हातात धरून बघत उभे होते. दारादारांत बाया होत्या.

"घरात न्या मला," ती पुटपुटली. "मिस्तरीची बायको रस्त्यावर पडलीय. लोक बघायलेत."

"बघू दे. त्या घरात मी तुला आता नेत नाय." पुंडलिक म्हणाला. "उद्या सळया कापतो. बुडं बुजवून कोबा घालतो. मगच आत."

"सळयांना हात लावायचा नाय!" कुठून आणलं होतं एवढं बळ कोण जाणे, ती कोपरावर उठली. "लेकाचं घर हाय ते. मी मेले तरी चालंल."

कडुबानं पुठ्ठा खाली ठेवला आणि तो शहाण्यासारखा घरात निघून गेला.

"सत्यम येत नाय, आवडे," पुंडलिक म्हणाला. "पुण्यात फ्लॅट घेतलाय त्यानं. पाडव्याला फोन आला व्हता."

तो तिचं कपाळ बघत होता, घाम आटतोय का म्हणून.

"पाडव्याला?"

"व्हय."

"म्हंजी दोन महिने तुम्हाला माहीत व्हतं."

"व्हय."

"मी काहून सोसत व्हते त्या भट्टीत? मजला चढणार म्हणून. अन् तुम्हाला माहीत असून तुम्ही मला भाजू दिलं."

सत्यमनं घर नाकारलं त्या दिवशीही पुंडलिकला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. त्यानं पाण्याचा गिलास पुढं केला. आवडाबाईनं तो घेतला नाही. तिनं तोंड लिंबाच्या खोडाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच पुंडलिक लोखंड कापायचा हेक्सा घेऊन वर चढला. खाट लिंबाखालीच होती आणि तिथून सगळं छत दिसत होतं. एकेक सळई कापायला त्याला बराच वेळ लागत होता. कर्र-कर्र आवाज गल्लीभर ऐकू येत होता. कापलेली सळई तो खाली टाकत नव्हता, आवाज होऊ नये म्हणून हातानं आडवी ठेवत होता. आवडाबाई बघत होती. चहा कडुबाच्या बायकोनं दिला तो तिनं प्यायला, पण रात्रीपासून नवऱ्याशी ती शब्दही बोलली नव्हती.

ऊन डोक्यावर यायच्या आत तेवीस झाल्या. चोविसावीला त्यानं हेक्सा लावला.

"अहो!"

तो थांबला. तिच्याच आवाजातली हाक होती.

"ती कोपऱ्यातली ऱ्हाऊ द्या."

"तिच्यातून पाणी उतरंल, आवडे."

"बुडाशी नीट बुजवा की. मिस्तरी म्हणवता ना?"

"पण कशाला पायजे?"

"दोरी बांधायला," ती म्हणाली. "कपडे वाळत घालायला जागा नाय कुठं."

पुंडलिकनं हेक्सा बाजूला ठेवला. त्या सळईचा गंज त्यानं तारेच्या ब्रशनं घासून घासून काढला आणि बुडाशी असं पक्कं भरलं की जन्मात कुणाच्या घराचं काम त्यानं इतकं मन लावून केलं नसेल.

कोब्याला चार दिवस लागले. कडुबा पाळी सुटली की विटांचे तुकडे वाहायचा. पांढऱ्या फरशीचे तुकडे पुंडलिकनं गुडघ्यांवर बसून एकेक जडवले. वर आळी करून पाणी भरलं, या वेळी आत थेंब उतरला नाही. मग आवडाबाई घरात आली. संध्याकाळी सहाला त्यानं स्टुलावर चढून छताला तळवा लावला. तीस मोजले तरी हात तिथंच होता.

"किती?" तिनं विचारलं.

"तीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं पिळून त्याच्या हातात दिलं.

तो ते घेऊन वर गेला. सळईपासून टाकीपर्यंत बांधलेल्या दोरीवर त्यानं ते पसरलं. खालून आवाज आला, "झटकून घाला, सुरकुत्या पडतील." त्यानं पुन्हा काढलं, झटकलं आणि दोन्ही टोकं ओढून नीट घातलं. लुगड्याची सावली पांढऱ्या कोब्यावर पडली होती, एका खोलीएवढी. चपला काढून पुंडलिक थोडा वेळ तिच्यात उभा राहिला.