मिस्त्रीचं ‘हं’ आणि माझी वाकडी मान

मी एक वाकडा पेचकस बोलतोय. पेचकस म्हणजे तुमचा स्क्रू ड्रायव्हर. हसायचं तेवढं हसून घ्या. पण घरी टीव्ही किती मोठा लावून बसता ते मला ठाऊक आहे, तेव्हा जास्त दात काढू नका.

जन्माने मी सरळ होतो. मला तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं, पिवळी मूठ बसवली आणि भावंडांबरोबर खोक्यात झोपवलं. माझी हातभर लांबी बघून आमच्या मिस्त्रीने मला उचललं. मोटारी दुरुस्त करणारा माणूस. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. मला वाटलं, आता जन्मभर स्क्रू पिळायचे. कसलं काय! पहिल्याच दिवशी त्याने माझं टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर दाबली.

डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. इंजिनाच्या पोटातली कुरकुर माझ्या पोलादातून चढायची आणि थेट त्याच्या डोक्यात उतरायची. हे बेअरिंग गेलंय, तो सांगायचा. उघडून बघावं तर तेच गेलेलं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. वाहवा मिस्त्रीची, आणि मी मळक्या फडक्यात.

वीस वर्षं असं चाललं. आजूबाजूला ग्राइंडर, हातोडे, फाटक्या सायलेन्सरच्या गाड्या. कानात बोळे घालायची त्याला लाज वाटायची. आता कान म्हणजे काही मोटर नव्हे, जळली की वास यायला. तो गुपचूप जातो, आणि ज्याचा जातो त्यालाच सगळ्यात शेवटी कळतं.

आधी गेली इंजिनाच्या झडपांची बारीक टिकटिक. मी इमानाने पोचवत होतो, पण वर घेणारंच कोणी नव्हतं. मग कुजबूज गेली. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, कारण घरातली कुजबूज बहुतेक त्याच्याबद्दलच असायची. पुढे चार माणसं एकदम बोलली की त्याला नुसता गलका ऐकू यायला लागला. दारावरची घंटा तर पाहुण्यांनी वाजवायची आणि शेजाऱ्यांनी ऐकायची. टीव्ही असा की शेजाऱ्यांना स्वतःचा लावायची गरजच उरली नाही.

बायकोने दहादा सांगितलं, एकदा कान दाखवून या. त्याचं उत्तर ठरलेलं. तुम्ही सगळे तोंडात गुळणी धरून बोलता. मला इंजिन बरोबर ऐकू येतं की! आणि पुरावा म्हणून मला हवेत नाचवायचा. बेअरिंगची जाड धडधड त्याला हाडातून खरंच कळत होती. त्या अर्ध्या खऱ्यात मीही सामील होतो. कबूल करतो.

आता त्याची खरी लबाडी सांगतो. समजलं नाही की तो ‘हं’ म्हणायचा. जेवायला वाढू का? हं. तुम्हाला काही कळतं का? हं. एवढा समजूतदार नवरा शोधून सापडायचा नाही.

त्याची मुलगी त्याच्याबरोबरच गॅरेजमध्ये काम करायची. एके दिवशी ती गाडीत स्टिअरिंगपाशी बसली होती आणि हा बॉनेटखाली वाकून मला घेऊन पंख्याशेजारच्या नळीचा पट्टा आवळत होता. तिने विचारलं, बाबा, चालू करू? बॉनेटमागून उत्तर आलं, ‘हं’. तिने किल्ली फिरवली.

पंख्याच्या पात्याने आधी मला पकडलं. खाडकन आवाज झाला, तो मात्र त्याला नीट ऐकू आला. माझी मान वाकली. त्याची बोटं माझ्या मुठीवर होती, पात्यापासून वीतभर लांब. पाचही शाबूत. मुलीने खाली उतरून ती एकेक करून मोजली.

ती ओरडली नाही. तिने समोर येऊन सावकाश सांगितलं, "कान तपासल्याशिवाय चालू इंजिनाला हात लावायचा नाही."

"गॅरेज माझं आहे."

"बोटंही तुमचीच आहेत, बाबा."

आठ दिवस मिस्त्री स्टुलावर बसून नटबोल्ट निवडत होता. इंजिनाशिवाय तो म्हणजे माशाशिवायचा गळ. शेवटी बायको म्हणेल तिथे जायला तयार झाला. साक्षीदार म्हणून मला पिशवीत घेतलं.

कान तपासणारी बाई पोरसवदा होती. तिने त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आमच्या गड्याने काय करावं? समोरच्या काचेत बाईचा हात दिसत होता. हात हलला की हा बटण दाबायचा. कान विशीतल्या पोरासारखे निघाले. मी पिशवीत लाजेने गंजलो.

बाईने येऊन हेडफोन काढले आणि म्हणाली, "काका, शेवटच्या तीन वेळी मी फक्त नाक खाजवलं."

खुर्ची भिंतीकडे फिरली. पुन्हा तपासणी झाली. मग तिने कानामागच्या हाडावर एक थरथरणारी डबी बसवली. माझीच विद्या, पण पगार तिला! हाडातूनही बारीक आवाज त्याला कमीच ऐकू आले.

बाईने सोपं करून सांगितलं. कुजबूज निसटते, गोंगाटात गोंधळ होतो, तो सौम्य दोष. समोरच्याला साधं बोलणं पुन्हा सांगावं लागतं, तो मध्यम. ओरडल्यावरच कळलं तर तीव्र. त्याच्याही पुढे गेलं की कानाशी हॉर्न वाजवावा लागतो. मिस्त्रीचा पंचेचाळीस डेसिबलचा, म्हणजे मध्यम. गोंगाटाने आतला भाग झिजलाय, तो परत येणार नाही. पण यंत्र लावलं आणि आवाजापासून जपलं तर उरलेलं टिकेल. एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं असतं तर त्याच दिवशी धावत यायचं होतं. पू, चक्कर, एकाच कानात शिट्टी, हेही घरी दाबून ठेवायचं नसतं.

तिने विचारलं, किती वर्षं झाली? मिस्त्री म्हणाला, दोन-चार महिने. बायको म्हणाली, सात वर्षं. तिने कुजबूज गेली तेव्हापासून मोजलं होतं.

कानात यंत्रं आली. पहिल्या दिवशी त्याला स्वतःचं चावणं ऐकू आलं आणि तो दचकला. रोज इतक्या आवाजात जेवत होतो, आणि कोणी बोललं नाही? बायको म्हणाली, बोललो होतो, तुम्ही ‘हं’ म्हणालात. दोनदा त्याने यंत्रं काढून फडताळात ठेवली, दोनदा तिने परत कानात घातली. ग्राइंडर लागला की यंत्रं काढून आता तो कानांवर आवाज अडवणारे मोठे इअरमफ चढवतो आणि आरशात बघतो. लाज कुठे गेली कोण जाणे.

महिन्याभराने तो पुन्हा बॉनेटखाली वाकला. हात पंख्यापाशी, पाठ मुलीकडे. ती स्टिअरिंगपाशी बसली. किल्लीला हातही न लावता तिने अगदी हळू विचारलं, "चालू करू?"

त्याचे ओठ ‘हं’साठी मिटलेले मी पाहिले. सवय हो, दुसरं काय.

मग तो म्हणाला, "नको. हात आत आहे."

तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग त्याने हात काढला, दोन्ही वर करून दाखवले आणि म्हणाला, "आता कर."

मी सध्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकतो. नवा सरळ पेचकस आलाय, तो मुलगी कानामागे लावते. मला कुणी विचारत नाही, चालायचंच. पण तुमच्या घरात कुणी प्रत्येक गोष्टीला ‘हं’ म्हणत असेल तर त्याच्या समजूतदारपणावर खूश होऊ नका. पाठीमागे उभं राहून हळूच काहीतरी विचारा. पुन्हा ‘हं’च आलं तर कान तपासायला घेऊन जा. मध्ये घालायला प्रत्येक वेळी पेचकस असतोच असं नाही.