टेरोच्या पोटात काय आहे

तीन आठवडे झाले, जुन्या गेमवाल्यांच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. टेरोच्या पोटात काय आहे?

टेरो म्हणजे टिटवी. आरिएल तेचेराने आपल्या नव्या गेम मशीनला हे नाव दिलं होतं. मशीन नवं, पण तोंडवळा नव्वद सालचा. करडं प्लास्टिकचं खोकं, वर कॅसेट खुपसायची खाच, पुढे दोन रिमोट, तेही वायरवाले. आरिएल म्हणायचा, अख्खं इथे उरुग्वेत बनणार. कारखाना नाही, बँक नाही. लोकांनी इंटरनेटवर आधी पैसे भरायचे, त्यातून मशीन बनणार, मग ते घरी येणार. तीनशेच्या वर लोकांनी भरले होते. आधी मार्चमध्ये येणार होतं. मग जूनमध्ये. आता जुलै, म्हणजे इकडचा हिवाळा, चालू होता आणि आरिएल 'थंडी संपली की' म्हणायला लागला होता.

शंका काढण्यात यामांडू सगळ्यात पुढे. तो मोंतेविदेओत बस चालवायचा आणि थांब्यावर गाडी उभी असली की फोटो मोठे करून बघायचा.

'हा मागचा स्क्रू बघा. असला स्क्रू आजकाल कोण वापरतं? ह्यात पाणी मुरतंय.'

'यामांडू, तू ब्रेककडे बघ रे बाबा. माझी आई आहे तुझ्या बसमध्ये.'

'सावली बघा, सावली. दोन बाजूंना पडलीय. फोटो खोटा आहे.'

'खोलीत दोन दिवे असतील, शहाण्या.'

'आपल्याकडे एक माणूस काहीतरी करायला निघाला, की झालं. धरा पाय आणि ओढा.'

'मी भरलेत पैसे, मला विचारायचा हक्क आहे.'

'मी नाही भरलेत, तरी विचारतोय.'

असं दिवसभर. आणि दिवसभराच्या शेवटी कुणीतरी लिहायचंच, 'विल्मारने बघून सांगितलं तर मी मानीन.' खाली वीस-पंचवीस अंगठे.

विल्मार बेंतांकोर हे सगळं दुकानात बसून वाचायचा. लिहायचा काही नाही. पासो मोलिनोत त्याचं दुरुस्तीचं दुकान. वय बावन्न. आधी टीव्ही दुरुस्त केले, मग गेम, मग मोबाईल, आता परत गेम. चाळिशी गाठलेले बाप्ये माळ्यावरचं खोकं काखेत मारून यायचे आणि म्हणायचे, उस्ताद, हे चालू करून दे. पावती कुणी मागायचं नाही. विल्मार म्हणाला होईल तर होईल. म्हणाला नाही होणार तर लोक ते तिथेच कचऱ्यात टाकून जायचे, दुसऱ्याला दाखवायचेसुद्धा नाहीत.

एवढंच होतं त्याच्याकडे. त्याचं बोलणं. आणि आता तेच सगळ्यांना हवं होतं.

'तुझं काय जातंय?' त्याची बायको नेली म्हणाली. ती दुपारी त्याच्यासाठी डबा घेऊन यायची आणि त्याचं खाऊन होईपर्यंत माते, म्हणजे थर्मासातल्या गरम पाण्यावरचा कडू चहा, नळीने ओढत बसायची. 'जा, बघ, सांग.'

'मी सांगितलं की ते माझं होतं गं. उद्या बंद पडलं की माझ्या दारात येतील.'

'मग नको सांगू.'

'नाही सांगितलं तरी म्हणतात, विल्मार गप्प का.'

नेलीने थर्मास काखेत धरला. 'मिलानेसा गार होतोय तुझा,' म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी आरिएलच आला. छत्तिशीचा माणूस, शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं.

'उस्ताद, रविवारी क्लबात चालू करून दाखवतोय. सगळ्यांसमोर. तुम्ही या. एक वाक्य बोला कॅमेऱ्यापुढे, बास.'

'कुठलं वाक्य?'

'तुम्हाला वाटेल ते. चालतंय म्हणा.'

'आत बघायला मिळेल?'

'सील लावलंय हो. कायद्याचं काहीतरी असतं, नक्कल होते.' हे तो दिव्याकडे बघत म्हणाला.

विल्मार हो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला ते मशीन खरं असावंसं वाटत होतं. आरिएलने म्हटलं होतं, दुरुस्तीचं सगळं काम तुमच्याकडे. नवी मशीनं, नवी माणसं. तीस वर्षं दुसऱ्यांचं जुनं उघडून त्याचे डोळे गेले होते. एकदा तरी नवं काहीतरी उघडावं.

रविवारी दुपारी क्लबात साठ-सत्तर माणसं. एका बाजूला म्हाताऱ्यांचा बोचासचा खेळ चालू, त्यांना टिटवीशी काही देणंघेणं नव्हतं. मधूनमधून गोळे आपटायचे आणि कॅमेरेवाला कपाळाला हात लावायचा. टेबलावर आरिएलने आपल्या आईचा टीव्ही आणून ठेवला होता. लाकडी कडांचा, मागे पोट सुटलेला, गोल बटणांचा. लोकांनी तो बघूनच 'ओऽऽ' केलं. फोटो काढले. एक जण तर टीव्हीला टेकून उभा राहिला, जणू जुना दोस्त भेटलाय.

आरिएलने कॅसेट खुपसली, बटण दाबलं. लाल टोपीचा एक छोटा माणूस पडद्यावर उड्या मारायला लागला. टाळ्या पडल्या. यामांडूने पण वाजवल्या, एका हातात माते होता म्हणून मांडीवर.

विल्मारने नाही वाजवल्या. तो टोपीकडे बघत होता.

टोपी लाल होती.

आता हे ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना कळायचं नाही. तेव्हा इथल्या टीव्हीची रंगाची रीत बाहेरच्या मशीनपेक्षा वेगळी होती. बाप मायामीहून किंवा सीमेवरच्या चुईहून मशीन आणायचा, पोरगं नाचायचं, बटण दाबायचं, आणि सगळं काळं-पांढरं. पोरगं रडायचं. मग ते मशीन विल्मारकडे यायचं. विल्मार तेव्हा एकवीस-बावीसचा, दुसऱ्याच्या दुकानात कामाला. आत अंगठ्याएवढा एक तुकडा बसवायचा, चार तारा जोडायचा, की रंग आला. अशी शेकडो केली त्याने. पुढे टीव्हीच हुशार झाले, काहीही लावा, रंग दाखवायचे. मग हे सगळे विसरले.

आणि टेरोच्या माहितीपत्रकात आरिएलनेच लिहिलं होतं, चित्र अमेरिकन पद्धतीचं आहे, नव्या टीव्हीसाठी. वर विनोद केला होता: आजीच्या टीव्हीवर काळी-पांढरी टिटवी दिसेल, तशी ती खरीही काळी-पांढरीच असते.

पण हा तसलाच जुना टीव्ही. आणि टोपी लाल.

अजून एक होतं. टोपीचा लाल रंग उजवीकडे केसभर सांडत होता. ते जोडकाम करताना विल्मारचा मालक मेलेल्या टीव्हींमधून काढलेले भाग वापरायला लावायचा. ते कधीच पुरते जुळायचे नाहीत. विल्मार बारका स्क्रू फिरवत फिरवत रंग आत आणायचा आणि केसभर राहिला की सोडून द्यायचा. गिऱ्हाइकाला दिसायचं नाही. त्याला दिसायचं.

टेरोच्या पोटात नव्वद सालचं मशीन होतं. आणि त्यातलं रंगाचं काम त्याच्या स्वतःच्या हातचं होतं.

आरिएलने माईक पुढे केला. 'उस्ताद, बोला.'

साठ-सत्तर माणसं गप्प झाली. म्हातारेसुद्धा थांबले, नेमके तेव्हाच.

'चित्र छान आहे,' विल्मार म्हणाला.

'चित्राचं कोण विचारतंय?' मागून यामांडू. 'मशीनचं सांगा!'

'मशीन मी आतून बघितलेलं नाही.'

लोक हसले. आरिएल पण हसला, जरा जास्तच. माईक परत घेतला आणि गेममधल्या गाण्यांबद्दल बोलायला लागला.

नंतर क्लबाच्या स्वयंपाकघरामागे, जिथे रिकाम्या बाटल्यांचे खोके ठेवतात, तिथे विल्मारने त्याला गाठलं.

'आईचा टीव्ही कशाला आणलास?'

'जुना वाटावा म्हणून. का?'

'कुठून घेतलंस ते आतलं?'

आरिएलने एकदा इकडेतिकडे बघितलं. मग सगळी हवा गेल्यासारखा खोक्यावर बसला. 'त्रिस्तान नारवाखाच्या जुन्या बाजारातून. कसं कळलं?'

'रंग आला.'

'मग? टीव्ही रंगीत आहे ना.'

'तूच लिहिलंयस, येणार नाही म्हणून.'

आरिएलने डोळे मिटले. 'लिहिलंय खरं. उस्ताद, इतकं काय काय लिहिलंय मी, काय लिहिलंय तेच आठवत नाही आता.' मग भडाभडा बोलायला लागला. 'बोर्ड आहे. आईची शपथ, आहे. मी केलाय. चालू होतो, तापतो, बंद पडतो. तीन महिने द्या मला. तीन महिने काही बोलू नका.'

'जे आहे ते दाखवायचं होतंस.'

'बंद पडणारं? यामांडूसमोर? त्याने माझं काय केलं असतं?'

'त्याने शिव्या दिल्या असत्या. घरी गेला असता.'

'तुम्हाला सोपं आहे.'

'मला काही सोपं नाही,' विल्मार म्हणाला. त्याला उभं राहायचाही कंटाळा आला होता. 'आज रात्रीपर्यंत तू सांग. नाही सांगितलंस तर उद्या मी सांगतो.'

आरिएलने नाही सांगितलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, शटर अर्धं वर असतानाच विल्मारने लिहिलं. सरळ. आत बाजारातलं जुनं मशीन आहे, रंगाचं काम माझंच आहे, तीस वर्षांपूर्वीचं. आरिएल खरा बोर्ड बनवतोय पण तो अजून टिकत नाही. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, नाहीतर पैसे परत मागा.

त्याला वाटलं, आता आग लागेल.

लागली. पण भलतीकडे.

'रंगावरून? उस्ताद, आता रंगावरून ओळखणार? चष्मा बदला.'

'माझं जुनं मशीन कुठल्याही टीव्हीवर रंगीत दिसतं. काहीही सांगतात.'

'दुरुस्तीचं काम दुसऱ्याला दिलं वाटतं आरिएलने. पोटात दुखतंय.'

'रविवारी का नाही बोलले? माईक हातात होता ना?'

हे शेवटचं वाचलं आणि विल्मारने उरलेलं शटर वर केलं.

यामांडूचं बुधवारी आलं, लांबलचक. त्याने विचार करून काढलं होतं. हे दोघांचं मिळून ठरलेलं आहे. आधी विल्मार आरडाओरडा करणार, मग आरिएल सगळ्यांसमोर उघडून दाखवणार, आत नवाकोरा बोर्ड निघणार, आणि मग सगळे धावत पैसे भरणार. 'मला मूर्ख समजू नका,' असं खाली.

विल्मारने ते दोनदा वाचलं. मग फोन पालथा घातला.

दुपारी बेआत्रिस नावाची बाई आली. तिच्या भावाचं मशीन महिनाभर दुकानात पडलं होतं. 'घरीच ठेवतो म्हणतोय सध्या,' ती म्हणाली. चांगली बाई, नजर चुकवत होती. विल्मारने मशीन फडक्यात गुंडाळून दिलं. ते दुरुस्त झालं होतं. पैसे तिने विचारले नाहीत आणि त्यानेही सांगितलं नाही.

गुरुवारी आरिएल आला. पाठीवर बॅग. न विचारता स्टुलावर बसला.

'तुम्ही लिहिलंत त्यानंतर अजून चाळीस जणांनी भरले,' तो म्हणाला.

विल्मार सोल्डरिंगची गन धरून बसला होता, ती त्याने खाली ठेवली.

'मला वाटलं सुटलो एकदाचा. लोक शिव्या घालतील, पैसे परत करीन, झोपेन. तर हे माझ्या बाजूने भांडतायत. एका बाईने मला लिहिलंय, धीर धर बाळा, जळणारे जळू देत. मी तिला ओळखतही नाही.' त्याने बॅगेतून टेरो काढून टेबलावर ठेवला. 'उघडा तुम्ही. मी व्हिडिओ घेतो.'

'मी उघडलं तर म्हणतील मीच आत घातलं. माझ्या हातावर आता कुणाचा भरवसा राहिलाय?'

'मग?'

'तू उघड.'

'मी? कॅमेऱ्यापुढे?'

'कॅमेऱ्यापुढेच.'

विल्मारने फोन सरळ केला आणि यामांडूला लावला. यामांडू म्हणाला पाळी संपली की येतो. आला, गणवेशातच, थर्मास काखेत. आधी दुकानभर फिरला. टेबलाखाली वाकून बघितलं. टेरो उचलून हलवला, कानाला लावला.

'स्क्रू आधी उघडलेला दिसतोय,' म्हणाला.

'अरे बाबा,' आरिएल म्हणाला, 'उघडल्याशिवाय आत घातलं कसं असेल?'

यामांडूने स्क्रू परत एकदा बघितला. मग फोन काढला. 'बोल. चालू आहे.'

'माझं नाव आरिएल तेचेरा,' आरिएल म्हणाला आणि त्याचा आवाज गेला. खाकरला. 'रविवारी मी तुम्हाला जे दाखवलं ते खोटं होतं. विल्मार सांगत होते ते खरं आहे.' पहिला स्क्रू निसटला, खाली पडला, गडगडत कपाटाखाली गेला. दुसरा निघाला. झाकण वर आलं. आत पिवळा पडलेला जुना बोर्ड, त्याच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा तुकडा, चार तारा. आरिएल बोलत राहिला. पैसे कसे परत मिळतील, कुणाला लिहायचं, कधीपर्यंत. बोलता बोलता रडला थोडा. विल्मार भिंतीकडे बघत उभा राहिला. आपलं खरं ठरलं म्हणून बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पाय दुखत होते.

यामांडूने फोन खाली केला. बराच वेळ त्या तुकड्याकडे बघितलं.

मग व्हिडिओ लावून बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

'काय झालं?' विल्मार म्हणाला.

'अंगठा आलाय मध्ये. झाकण उघडतानाचं दिसतच नाही.' तो पहिल्यांदाच जरा ओशाळला. 'हे असं टाकलं तर मीच पहिला म्हणीन, इथे काहीतरी लपवलंय.'

मग आरिएलने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, गुडघ्यावर बसून कपाटाखालून स्क्रू शोधून काढला, झाकण बसवलं, दोन्ही स्क्रू घट्ट पिळले.

'जरा मागे सरक,' तो यामांडूला म्हणाला. 'आणि दोन्ही हातांनी धर.'

यामांडूने थर्मास विल्मारकडे दिला आणि दोन्ही हातांनी धरला.

'माझं नाव आरिएल तेचेरा,' आरिएल म्हणाला. ह्या वेळी त्याचा आवाज गेला नाही.