पांढऱ्या सालीसकट

झाडाखाली पडलेलं एक संत्रं धुरपदानं उचललं, एवढंच झालं. तेवढ्यावरून तिची धाकटी जाऊ अयोध्या विहिरीच्या काठावर पदर खोचून उभी राहिली.

“ठिवा ते आक्का खाली. झाड आमच्या वाटणीत आलंय.”

“पडलेलं हाय गं.”

“पडलं तरी आमचंच.”

धुरपदानं संत्रं खाली ठेवलं. त्यांच्या बांधाला माझा बांध लागून आहे, खुरपं हातात धरून मी सगळं ऐकत होते. दुष्काळाच्या साली याच धुरपदानं डोक्यावरून घागरी वाहून ते झाड जगवलं. तेव्हा अयोध्या मान दुखते म्हणून घरात आडवी पडायची. पुढं वाटणी झाली आणि विहीर, झाड, सगळं धाकटीकडं गेलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

झाडाचं दुःख धुरपदानं गिळलं असतं. पण गेल्या येळवशीला अयोध्येनं तिच्या भज्जीची रीत चोरली, ते काही तिच्या घशाखाली उतरेना. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमचं सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत निवद दाखवायचा आणि मग एकमेकांच्या कोपीवर जाऊन जेवायचं. सगळ्यांच्या भज्जीत, त्या दिवशीच्या मिसळ भाजीत, आंबटाला चिंच, धुरपदाच्या भज्जीत संत्रं. हरभरा, तूर, वाटाणा, मेथी शिजून डाळीचं पीठ लागलं की ती भांडं चुलीवरून उतरवायची आणि मग रस पिळायची. मसाल्यात दालचिनी, लवंग, दगडफूल आणि संत्र्याची नुसती वरवरची साल वाळवून कुटलेली. वासावर माणसं दोन शेतं ओलांडून यायची.

गेल्या वर्षी अयोध्येनं तशीच भज्जी केली. चव अर्धीमुर्धीच उतरली होती, पण गावाला सांगितलं काय, तर “ही आमच्या माहेरची, सोनारीची रीत. आक्कांनी माझ्याकडूनच उचलली.” लोकांनी मान डोलावली. लोकांचं काय जातंय!

“नागूबाई, अर्धीच शिकलीय ती,” धुरपदा मला म्हणाली. “औंदा तिला पुरी शिकवायची.”

येळवशीला दोन दिवस उरले होते. मुरुमच्या बाजारातून तिनं संत्री आणली आणि अंगणातल्या चुलीवर पातेलं चढवलं. अंगणाच्या भिंतीपलीकडंच अयोध्येचं स्वयंपाकघर. धुरपदा मला शिकवायला लागली, पण आवाज असा की वेशीवरच्या बहिऱ्यालाही कळावं.

“सोलायचं न्हाय बग. पांढऱ्या सालीसकट, बियासकट ठेचायचं. फोडणीतच टाकायचं आन तासभर रटरटू द्यायचं. तवा कुटं खरी चव उतरती!”

“व्हय का! आन म्या आपली चिंचच घालती,” मीही बोंबलले.

भिंतीपलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

ते पातेलं धुरपदानं म्हशीपुढं ओतलं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

“पर करताना चाखंल की ती,” मी हळूच म्हणाले.

“निवदाआधी? सासूबाई व्हत्या तवा नुसतं बोट चाटलं तरी पळी बसायची हातावर. न्हाय चाखायची ती.” धुरपदा हसली. तिचं ते हसू बघून मला बाई भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली.

येळवशीच्या दिवशी अयोध्येच्या कोपीवर ही गर्दी. सोनारीहून तिचे वडील आण्णासाहेब मुद्दाम आले होते. निवद झाला, पंगत बसली. मी धुरपदाच्या कोपीजवळ उभी राहून बघत होते. पहिला घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, म्हणून कुणी थुंकेना, पण गिळताना माना अशा वर होत होत्या, जशा पाणी पिताना कोंबड्यांच्या.

शेवटी एक म्हातारा बोललाच. “आण्णासाब, तुमच्या सोनारीला असंच करत्यात व्हय?”

“आमच्या सोनारीला?” आण्णासाहेबांनी ताट सरकवलं. “आमच्या घरात भाजीत संत्रं कवाच न्हाय पडलं. कुणी सांगितलं तुमाला?”

सगळ्यांनी अयोध्येकडं बघितलं. तिला पळता भुई थोडी झाली. माणसं एकेक करून उठली आणि बांध ओलांडून धुरपदाच्या कोपीवर आली. आण्णासाहेबही आले. धुरपदानं त्यांना बाजरीचे उंडे आणि भज्जी वाढली.

“ही खरी भज्जी,” बोटं चाटत ते म्हणाले. “कुणाची रीत ही?”

“माजी, मामा. आन त्या झाडाला पानीबी म्याच घातलंय.”

आण्णासाहेबांचा हात ताटातच थांबला. मग त्यांनी मान वळवून लेकीला हाक मारली. “अयोध्ये, जावंला पाटीभर संत्री आनून दे. आत्ताच्या आत्ता.”

सगळ्या पंगतीदेखत ती पाटी घेऊन आली. धुरपदापुढं ठेवली आणि खाली मान घालून वळली. धुरपदानं एक संत्रं सोललं, सावकाश एकेक बी काढून मातीत टाकली.

“अयोध्ये, पुढल्या वक्ताला बिया काढून घे गं,” ती मायेनं म्हणाली. “आन ती पांढरी सालबी. लई कडू असती.”

अयोध्या जागेवरच थांबली. तिनं धुरपदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी आंबिलीचा पेला तोंडाला लावला.