टेबलाखालची निळ्या दिव्याची पेटी

"सर, बंद केलेला कॉम्प्युटर झोपतो की मरतो?"

घुमीने हे विचारलं आणि वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणी टाचणी आणि भोंगा एकमेकींना चिमटे काढत होत्या, कारण पैज त्यांचीच होती. विज्ञानाच्या सरांना विचारून दाखव, मग तू खरी! घुमी आता अशा पैजांना घाबरत नसे. लहानपणी चार माणसांत हिचं तोंड उघडत नसे म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं होतं. पण गेल्या सत्रात स्नेहसंमेलनात ऐनवेळी कुणीतरी हिच्या हातात माइक कोंबला, आणि तेव्हापासून माइक गेला तरी आवाज काही खाली आलेला नव्हता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

सर हसले नाहीत. त्यांनी खणातून तळहाताएवढा एक मीटर काढला. "हा प्लगमध्ये खोचायचा आणि यंत्राची पिन ह्याच्यात. बंद असूनही कोण किती वीज खातं ते कळेल. शुक्रवारी तूच वर्गाला सांग, झोपतो की मरतो."

झाली का पंचाईत! टाचणी कुजबुजली, "घे आता, आणखी विचार." पण घुमीची छाती दोन इंच फुगली होती.

संध्याकाळी तिने घर पिंजून काढलं. टीव्ही बंद असून खात होता, प्रिंटर खात होता, स्पीकर खात होता. सगळे साळसूद चेहऱ्याचे चोर! मग ती आईच्या कामाच्या खोलीत शिरली. आई दिवसभर कापडखरेदीला गेली होती, त्यामुळे मशीन आणि कॉम्प्युटर सकाळपासून बंदच होते.

घुमीची आई शिवते, पण कुणाचंही नाही. ज्यांना दुकानातले कपडे होत नाहीत त्यांचं. एक खांदा खाली असलेले निवृत्त पोस्टमन, चाकाच्या खुर्चीतली बाई, पाठीला पट्टा बांधून गाणारी गायिका. प्रत्येकाचा आराखडा वेगळा आणि वर्षानुवर्षांचे सगळे आराखडे आईच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये. तो हल्ली दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. "हा गेला ना," आई म्हणायची, "तर मी रस्त्यावर. एकेका माणसाला पुन्हा उभं करून, पुन्हा मापं घ्यायला मला दुसरा जन्म लागेल."

शिलाई मशीनच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीमागे, घुमीला एक काळी पेटी दिसली. निळा दिवा, मागून गरम वारा. तिची पिन जमिनीवरच्या बोर्डात होती आणि बोर्डाला एकच मोठं बटण होतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मीटर लावला तर काय, टीव्ही, प्रिंटर आणि स्पीकर तिघं मिळून जेवढं खात होते त्याच्या दुप्पट ही एकटी खात होती.

"आई, ही पेटी कसली गं?"

"ती होय? बाबांची आहे. मी हात लावत नाही."

बाबा आल्या आल्या तिने त्यांना गाठलं.

"ती? आईची आहे," बाबा बूट काढत म्हणाले. "तिच्या कामाचं काहीतरी असेल."

आता काय समजायचं? आई म्हणते बाबांची, बाबा म्हणतात आईची, म्हणजे पेटी कुणाचीच नाही. आणि जी कुणाचीच नाही ती बंद करताना सांगायचं तरी कुणाला? घुमीने बटण दाबलं. निळा दिवा विझला. शुक्रवारचं भाषण तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मंगळवारी सकाळी दप्तर भरताना तिने सहज टेबलाखाली डोकावलं. निळा दिवा चालू!

तिने बंद केला. शाळेतून आली, तर चालू! पुन्हा बंद केला. बुधवारी सकाळी? चालू!

"भूत आहे," टाचणीने मधल्या सुट्टीत निकाल दिला.

"भुताला वीज कशाला लागेल?" भोंगा इतक्या जोरात म्हणाली की शिपाईकाकांनी वळून पाहिलं. "सरळ घरच्यांना विचार की."

"विचारलं ना! दोघंही म्हणतात आमची नाही. आता विचारायचं नाही, पकडायचं." घुमीला कोडं स्वतःच सोडवून वर्गात टाळ्या घ्यायच्या होत्या. त्या सकाळी पेटी बंद करताना तिने आईच्या रिळातला लाल दोरा बटणावरून आडवा बांधलाच होता. संध्याकाळी घरी आली, तर दोरा तुटलेला आणि दिवा तिच्याकडे बघून हसतोय. तिने तो विझवला, नवा दोरा बांधला. गुरुवारी सकाळी तोही तुटलेला. डोक्याचा पार भुगा झाला. मीटरचे आकडेही जुळेनात, आणि झोपलेली यंत्रं सोडून ती आता जागं कोण राहतंय याचाच विचार करत होती.

त्यात आईचं भलतंच. "हल्ली दुपारी पायांना फार गरम लागतं गं मला. पूर्वी असं नव्हतं. वय झालं बहुतेक."

गुरुवारी शाळेतून येऊन तिने दार उघडलं, तर मशीनचा आवाज नाही. आई खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे बघत होती. कॉम्प्युटरने शेवटची धाप टाकली होती.

"नेहमीसारखा चालू केला, कुर्रर्र केलं आणि गेला," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक कधी झाला नव्हता. "परवा त्या गायिकेचा कार्यक्रम आहे. कोट अर्धा कापलाय, बाहीचा आराखडा आत आहे. आणि बाकीचे सगळे..."

बाबा लवकर आले. त्यांनी कॉम्प्युटरला दोन थापट्या मारल्या आणि मग निमूटपणे मामाला फोन लावून स्पीकरवर टाकला. परदेशी जाण्याआधी मामानेच तो कॉम्प्युटर बसवून दिला होता.

"एवढंच ना? रडताय काय?" मामा हसत म्हणाला. "टेबलाखाली पेटी आहे की! रोज दुपारी तीनला आराखड्यांची कॉपी पेटीत जाते. निघताना सांगितलं होतं मी भाऊजींना."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

"सांगितलं असेल," बाबा डोकं खाजवत म्हणाले. "टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती. मी हो हो म्हटलं."

"पेटी चालू असते ना पण?" मामाने विचारलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, मी रोज जेवून मशीनवर बसले की पायाच्या अंगठ्याने ते बटण दाबते. गरम वारा लागतो पायांना. मला वाटलं ह्यांचं काहीतरी चालू राहून जातं."

"तू तर म्हणालीस हात लावत नाहीस!" घुमी किंचाळली.

"हात कुठे लावला? बघतसुद्धा नाही मी, अंगठ्याला सवय आहे."

"आणि मी," बाबा हळूच म्हणाले, "संध्याकाळी चार्जर लावायला वाकतो तेव्हा रोज ती बंद दिसते. म्हटलं हिचं काम अडायला नको, म्हणून चालू करतो. आभार मानत नव्हतीस, पण मी काही बोललो नाही."

फोनवरून मामा ओरडला, "ताई, म्हणजे रात्रभर चालू आणि बरोबर तीनला बंद? इतकी वर्षं? अगं, कॉपी झाली नाही म्हणून पडद्यावर लाल खूण येत असेल ना!"

"यायची. मी फुली मारून घालवायचे."

आईने डोळ्यांना पदर लावला. मग घुमीला लाल दोरे आठवले. संध्याकाळी तुटलेला दोरा, सकाळी तुटलेला दोरा.

"थांबा, थांबा, थांबा!" तिने आईचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि फरशीवरच बसली. "आधी सकाळी पेटी चालू असायची. दुपारी आईचा अंगठा, बंद. संध्याकाळी बाबा, चालू. बरोबर? आता ह्या आठवड्यात सकाळी मी बंद केली."

"तू?" आई आणि बाबा एकदम म्हणाले.

"ओरडा नंतर! दुपारी आईने अंगठा मारला. बंद पेटीवर! म्हणजे?"

"म्हणजे चालू," आई पुटपुटली. "म्हणून पाय भाजत होते..."

"संध्याकाळी मी बंद केली, मग बाबांनी चालू केली. बाबा, कळलं का?"

"कळलं. मी चालू केली म्हणून वाचलं."

"नाही हो!"

"मग तू बंद केलीस म्हणून?"

"तसंही नाही! म्हणजे हो. अहो, वाचलं की नाही हेच अजून माहीत नाही. लॅपटॉप आणा!"

बाबांनी लॅपटॉप पेटीला जोडला. मामा फोनवरून सांगत गेला, घुमी दाबत गेली. पडद्यावर तीनच फोल्डर दिसली. एक मामा गेला त्या दिवसाचं, मग मधली सगळी वर्षं कोरी, आणि मग थेट ह्या मंगळवारचं आणि बुधवारचं. मंगळवारचं तिने उघडलं. पोस्टमनकाकांचा खांदा. खुर्चीतल्या बाईंचा पायघोळ झगा. गायिकेची बाही. सगळ्यांची मापं, जिथल्या तिथे.

आई एकदम खाली फरशीवर बसली, खडूच्या रेघांवरच, आणि हसायला लागली. बाबा अजून बोटांवर चालू-बंद मोजत होते आणि दर वेळी त्यांचं उत्तर वेगळं येत होतं.

"मामा, ही पेटी दिवसभर लागते का रे?" घुमीने विचारलं.

"छे! कॉपीपुरती तासभर. घड्याळाचा प्लग मिळतो, तो आपोआप चालू-बंद करतो."

घुमी उभी राहिली. गुडघ्यांना खडू, केसांत चिंध्या, आवाज थेट माइकवाला.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. आजपासून त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, अंगठा लावायचा नाही, आणि मीसुद्धा लावणार नाही. घड्याळाचा प्लग आणायचा, पेटी फक्त तीन ते चार चालेल, आणि दर रविवारी आत खरंच काही गेलंय का ते मी उघडून बघणार. लाल खूण आली की फुली मारायची नाही, मला हाक मारायची. आणि उद्या वर्गात मी हे सगळं जसंच्या तसं सांगणार आहे, अंगठ्यासकट. बाबा, तुम्ही मोजणं थांबवा आणि दुकान बंद व्हायच्या आत चला!"