आळ आजोबांवर, दोष माझा

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. सध्या भंगारवाल्याच्या आवारात उभा आहे. अंगाला गंज चढलाय, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण माझ्यामुळे एका निरपराध माणसावर आळ आला, ते मात्र अजून सलतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी फिकट निळा, चकचकीत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मला आणलं ते आजोबांनी. ते शिंपी होते. मला कुठं बसवायचं याचं माप त्यांनी गळ्यातल्या टेपनं घेतलं आणि भिंतीपासून चार बोटं जागा सोडायला लावली. दर पंधरा दिवसांनी ते माझ्यातला बर्फ काढत, दाराचं रबर ओल्या फडक्यानं पुसत. मीही कधी दूध नासू दिलं नाही.

पुढं आजोबांची नजर मंदावली, दुकान बंद झालं, आजी गेल्या. मुलगा छापखान्यात आणि सूनबाई शाळेत. दोघांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. तरी पाहुण्यांसमोर कौतुक व्हायचं, "म्हातारा झालाय, पण पाणी असं गार करतो की दात शिवशिवतात!" मी फुलून जायचो. खरं तर तोच माझा आजार होता, मित्रांनो. थंडी आवरणारा माझा भाग निकामी झाला होता. कुठं थांबायचं हेच मला कळेनासं झालं होतं.

आजोबांना मधुमेह होता. त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या वरच्या फळीवर, अगदी मागं, माझ्या पाठीला टेकून असत. त्या तिथं गोठायच्या. सकाळी आजोबा त्यातली एक काढून टेबलावर ठेवत आणि अंघोळीला जात. ते परत येईपर्यंत औषध वितळून पूर्वीसारखं दिसू लागे. पण गोठल्यावर त्यातला गुण गेलेला असे. हे फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

आजोबांची साखर वाढू लागली. इंजेक्शन तर रोज चाललेलं. मग साखर वाढतेच कशी? घरात संशय शिरला.

"बाबा, खरं सांगा, चोरून गोड खाता ना?" सूनबाईंनी एकदा विचारलं.

"नाही गं. शप्पथ नाही."

सूनबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी साखरेच्या बरणीवर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली. रोज शाळेतून आल्या की आधी ती रेघ बघायच्या. मुलानं वडिलांच्या कोटाचे खिसे तपासले. एका खिशात चॉकलेटचा कागद निघाला. त्यात बटणं गुंडाळून ठेवली होती, पण मुलाची नजर कागदावरच अडली.

आजोबांना ती रेघ दिसली. त्यांनी बरणी अगदी डोळ्यांजवळ नेऊन रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, रेघ तिरकी झालीय. माप घ्यायचं तर सरळ घ्यावं."

त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात एकटं येणं सोडलं. तहान लागली तरी बाहेरूनच हाक मारायचे, "कुणी आहे का आत?" मला ते ऐकवत नव्हतं.

मग एका दुपारी ते खुर्चीतून उठता उठता कोसळले. चार दिवस दवाखान्यात होते. तिथल्या बाटलीतल्या तेवढ्याच औषधानं साखर उतरली.

"बघ, तिथं चोरून खायला मिळालं नाही ना!" मुलगा घरी येऊन बायकोला म्हणाला.

सूनबाई कोशिंबिरीसाठी माझ्यातून काकडी काढत होत्या. काकडी काचेसारखी झाली होती. सुरी लागताच आतून बर्फ करकरला. त्या थबकल्या. बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात मागं घालून त्यांनी इन्सुलिनची बाटली काढली आणि उलटी केली. आतलं औषध हललं नाही.

"अहो, इकडे या," त्यांनी हाक मारली. "बाबा खरं बोलत होते."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. नवं औषध आलं. आजोबा घरी परतले तेव्हा सूनबाईंनी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. "मी तुमच्यावर पहारा ठेवला, बाबा," त्या म्हणाल्या. मुलगा दारातच मान खाली घालून उभा होता.

"काळजीपोटीच ना गं," आजोबा म्हणाले. पण पाणी हवं असलं की पुढंही ते बाहेरूनच हाक मारत. तेवढी जखम राहिलीच.

पुढच्या आठवड्यात नवा फ्रिज आला. मला जिन्यावरून उतरवलं तेव्हा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, आमचं रबर पुसा, बर्फ काढा, आमच्या आत किती गार होतंय ते अधूनमधून बघा. थकलो की बिनदिक्कत बदला. आणि घरात काही बिनसलं, तर संशय आधी आमच्यावर घ्या. आमची झडती घेतली तर आम्हाला काहीच लागत नाही. म्हाताऱ्या माणसावर संशय घेतला, तर मात्र त्याला स्वतःच्याच घरात आत यायची परवानगी मागावी लागते.